एक वस्तू जास्त

आमचा खेळ रखडत होता, आणि मला रखडणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा राग येतो. नळ गळायला लागला तर मी पाना घेऊन उठते. समोरचा माणूस वाक्य अर्धवट ठेवून विचारात पडला, तर त्याचं वाक्य मीच पुरं करते. आई म्हणते, "ठमे, तू पुरते नऊ महिनेसुद्धा थांबली नाहीस." खरं आहे. मी आठव्या महिन्यातच आले.

खेळ तसा साधा. घराचं छप्पर उचलून बाजूला ठेवलंय आणि आपण वरून आत डोकावतोय, असं दृश्य. खाली एक इवलासा माणूस, त्याच्या हातात बंदूक. चारी कोपऱ्यांतून काळे किडे त्याच्या अंगावर येतात आणि तो गोळ्या झाडत सुटतो. कंपनी म्हणजे आम्ही तिघंच. एक मालक, ज्यांना आम्ही पाठीमागे 'आत्ताच्या आत्ता' म्हणायचो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दांनी संपायचं. दुसरा दादा, माझा सख्खा थोरला भाऊ. तो भिंती, पलंग, किडे काढायचा. तिसरी मी. ही चित्रं एकमेकांवर आपटली की काय व्हायला पाहिजे, ते ठरवणं माझं काम.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. किडे वाढले, गोळ्या वाढल्या की पडद्यावरचं चित्र अडखळायचं. संगणकाला डोळे नसतात. गोळी किड्याला लागली की नाही, हे त्याला क्षणोक्षणी विचारत बसावं लागतं. आम्ही प्रत्येक वस्तूभोवती एक वर्तुळ मानलं होतं. दोन वर्तुळं एकमेकांत घुसली की टक्कर. पण आमचा संगणक प्रत्येक गोळीला प्रत्येक किड्याबद्दल विचारत होता. स्वयंपाकघरातली गोळी पार टोकाच्या गॅलरीतल्या किड्याला विचारणार, 'काय हो, तुम्हाला लागले का मी?' असे लाखो प्रश्न, आणि जवळजवळ सगळ्यांचं उत्तर 'नाही'. नुसता वैताग.

उपाय जुनाच आहे. जमिनीचे चौकोन पाडायचे आणि ज्याची त्याची नोंद त्याच्या त्याच्या चौकोनात करायची. मग प्रत्येकानं आपला चौकोन आणि लगतचे चौकोन, एवढ्यातच चौकशी करायची. इमारतीत गॅसचा वास आला तर आपण आपला मजला बघतो, वरचा बघतो, खालचा बघतो. गावभर दारं ठोठावत हिंडत नाही. लांबच्यांची विचारपूस करायची नाही, सगळी बचत त्यातच आहे.

खेळाच्या दुसऱ्या टप्प्यातलं घर आमचंच होतं. दादाला खोटं घर काढताच येत नाही; त्याच्या खोट्या घरांत दार उघडलं की ते कपाटावर आपटतं. म्हणून त्यानं एका रविवारी आईला फोन लावला आणि तिला घराची मापं घ्यायला बसवलं. बाबा गेल्यापासून आई तिथं एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही दोघं बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. आमचं जाणं-येणं रविवारच्या फोनवरच भागायचं. त्या रविवारी मात्र तिनं शिवणाची टेप काढली आणि खोलीखोलीत उभं राहून, वाकून, भिंतीला पाठ लावून सगळं घर मोजलं. फोन स्पीकरवर. "पलंग ते खिडकी, लिही. ओट्याची उंची नको ना तुला? तू वरूनच बघणार म्हणतोस." दिवसभर हे चाललं. इतकी खूश ती कित्येक महिन्यांत वाटली नव्हती.

शेवटी म्हणाली, "आणि तुमच्या खोलीबाहेरची फरशी अजून हलते बरं का. ती पण काढ."

ती फरशी आमची जुनी मैत्रीण. लहानपणी संध्याकाळी आम्ही खोलीत अभ्यासाला बसलो, की आई दाराबाहेर उभी राहून कानोसा घ्यायची, अभ्यास करतोय की भांडतोय. पण तिचा पाय त्या फरशीवर पडला की 'टक्' वाजायचं आणि आम्ही तत्काळ पुस्तकांत डोकं घालायचो. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपली मुलं अभ्यासू आहेत.

दादानं ती फरशी काढली. खेळात तिच्यावर पाय पडला की टक् वाजतं, अशी सोयही मी करून दिली.

चौकोन पाडले आणि खेळ जो सुटला तो सुटलाच. कितीही किडे सोडा, कितीही गोळ्या झाडा, चित्र जरासुद्धा अडखळेना. चार-पाच दिवस चाचण्या करून खात्री पटल्यावर दादानं चहा आणला. मी खुर्चीत मागे रेलून स्वतःचीच पाठ थोपटत होते. तेवढ्यात मला ते दिसलं. खेळाडू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पॅसेजमध्ये गोळ्या झाडत होता आणि गोळ्या मधल्या मध्येच विझत होत्या. समोर किडा नव्हता. भिंतही नव्हती.

माझ्याकडे एक कळ आहे. ती दाबली की चित्रं नाहीशी होतात, फक्त चौकोन आणि वर्तुळं उरतात, आणि कोपऱ्यात एकूण किती हलत्या वस्तू आहेत तो आकडा दिसतो. मी किडे काढून टाकले, बंदूक थांबवली आणि कळ दाबली. घरात एकटा खेळाडू. आकडा एक दिसायला हवा होता. दोन दिसत होता. पॅसेजच्या मधोमध एक राखाडी वर्तुळ उभं होतं.

"पॅसेजमध्ये काय ठेवलंयस रे?" मी दादाला विचारलं.

"काहीच नाही. साधी चप्पलपण नाही काढली अजून."

"मग हे कोण तुझं सासरचं?"

दादा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला, आणि तेवढ्यात ते वर्तुळ चालायला लागलं.

सावकाश चालत होतं. आमचे किडे सरळ रेषेत येतात, भिंत आडवी आली की थरथरतात, मग घसटत बाजूनं सरकतात. मीच त्यांना तसं शिकवलंय. हे तसं नव्हतं. हे दारातून गेलं, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी थांबलं, मग परत फिरून आतल्या खोलीत गेलं. पलंगाच्या कोपऱ्याशी आलं तेव्हा त्यानं जरा लांबूनच वळसा घेतला. त्या कोपऱ्याला एक लोखंडी पट्टी बाहेर आली आहे, बेसावध माणसाच्या गुडघ्याला लागते. दादानं ती चित्रात काढलेली नव्हती. ती फक्त आम्हाला माहीत होती, ज्यांचे गुडघे तिथं फुटलेत त्यांना.

दादानं नकळत स्वतःचा गुडघा चोळला. त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

संध्याकाळी ते वर्तुळ आमच्या जुन्या खोलीच्या दाराबाहेर गेलं आणि तिथंच थांबलं. बराच वेळ हललं नाही. "अडकलं," मी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. खेळ बंद करून पुन्हा चालू केला. ते तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन लावला. वार रविवार नव्हता, त्यामुळे ती आधी घाबरलीच. "काय झालं? दादा बरा आहे ना?"

"सगळे ठणठणीत. तू काय करतेयस?"

"भांडी घासतेय. का गं?"

पडद्यावर वर्तुळ ओट्याच्या टोकाला होतं. बेसिनपाशी.

"आई, जरा बाहेरच्या खोलीत जाऊन बस बरं."

"आता? हात ओले आहेत माझे."

"पूस आणि जा ना."

वर्तुळ ओट्यापासून दाराकडे गेलं. दारापाशी जरा थांबलं. तिथं नॅपकिन टांगलेला असतो. मग पॅसेज, मग बाहेरची खोली, मग खिडकीजवळची खुर्ची.

"बसले," आई म्हणाली. "काय गं, कॅमेरा-बिमेरा लावलायस की काय घरात? आणि ऐक, फोन केलाच आहेस तर सांगते. अंगावर निळे डाग उठलेत माझ्या. दंडावर, पाठीवर. कुठं आपटले म्हणावं तर तसंही काही नाही. नुसती उभी असते आणि चटकन काहीतरी लागल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की कातडी पातळ होते."

"कधीपासून?"

"झाले की पाच-सहा दिवस."

पाच-सहा दिवस म्हणजे मी चौकोन पाडून गोळ्यांच्या चाचण्या सुरू केल्या तेव्हापासून. त्याआधी ती घरभर पसरलेली होती, कुठल्याच एका जागी नव्हती, असंच म्हणायचं का? नोंद करायला चौकोन मिळाला आणि ती तिथं येऊन उभी राहिली? मला ते कळलं नाही, आजही कळत नाही.  पॅसेजमध्ये मी किती गोळ्या झाडल्या होत्या याचा हिशेब मी केला नाही. करवला नसता.

"हे घरच काढून टाकू," दादा म्हणाला. "पुसून टाक सगळं."

"पुसलं आणि तिकडं तिला काही झालं तर?"

 म्हणजे पुसता येत नव्हतं आणि चालवताही येत नव्हतं. अशात रविवारी रात्री मालक आले. सोमवारी मोठ्या कंपनीची माणसं खेळ बघायला येणार होती आणि त्यांना दुसरा टप्पाच दाखवायचा होता, कारण ते घर सगळ्यांत खरं वाटतं.

"गोळ्या हवेत विझतात असं ऐकलं. ते दुरुस्त करा. आत्ताच्या आत्ता."

सरळ उपाय होता. या वर्तुळाला गोळी लागत नाही, असा एक नियम घालायचा. पण मग जवळून जाणाऱ्या प्रत्येक गोळीला दर वेळी तो नियम विचारावा लागणार. पुन्हा प्रश्न, पुन्हा रखडपट्टी. किती रखडलं असतं? फार नाही. डोळ्याला कळलंही नसतं. पण मला कळलं असतं, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी त्याहून झटपट वाट काढली. मी तिला चौकोनांतून उचललंच. कुठल्याच चौकोनात नोंद नाही, म्हणजे तिच्याबद्दल कुणी कुणाला विचारायचा प्रश्नच नाही. एका ओळीचं काम.

"कुणीच विचारणार नाही?" दादानं विचारलं.

"कुणीच नाही. शांत राहील बिचारी."

मी ओळ लिहिली. आकडा एकवर आला, पडद्यावर खेळाडू तेवढा उरला. पॅसेजमधून गोळ्या आरपार जायला लागल्या.

सोमवार झकास पार पडला. पाहुण्यांनी अर्धा तास आमच्या घरात किडे मारले, मालकांच्या चेहऱ्यावरून हसू हटेना. सगळे गेल्यावर मी डागांची चौकशी करायला आईला फोन लावला.

फोन उचलला गेला. बोललं मात्र कुणीच नाही. मागे नळ वाहत असल्याचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. "आई?" मी म्हणाले. "आई, ऐकू येतंय का?" नुसतं घड्याळ. मी पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या काकूंना लावला. त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली असते.

काकूंनी जाऊन बघितलं आणि थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. "घरात कुणी नाही गं. पण गॅसवर चहा उकळत होता, मी बंद केला. गॅलरीत बघून परत आत येते तर गॅस पुन्हा चालू. या वयात लपंडाव खेळायला लागली की काय तुझी आई?" त्या हसल्या, पण त्यांचा आवाज काही ठीक नव्हता. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही दोघं या बाई. मी एकटी नाही जायची आता तिथं."

सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही निघालो. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये तेच घर. बसमध्ये मी तिची नोंद परत करून ठेवायला बसले आणि तेव्हा माझी चूक माझ्यासमोर आली. उचललेल्या वस्तूची जागा पुसली जाते. परत ठेवायची तर ती कुठं आहे ते मला सांगावं लागणार होतं. खेळात काय, चुकीच्या जागी ठेवली तर उचलून दुसरीकडे ठेवता येते. इथं दुसरी संधी मिळेल याची मला खात्री नव्हती. ती नसलेल्या जागी मी एक रिकामं वर्तुळ उभं केलं असतं, तर तिथं काय उभं राहिलं असतं? आणि मग आईचं काय? 

"दुपारी ती कुठं बसते?" मी दादाला विचारलं.

"खुर्चीत असेल. किंवा पडली असेल जरा."

"असेल-बिसेल नको. नक्की सांग."

त्याला सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं. तिच्या घराचं माप इंचाइंचापर्यंत आमच्याकडे होतं.

घर उघडंच होतं. आत गेलो तर सगळं जागच्या जागी. बेसिनपाशी धुतलेला कप, त्याच्यातून पाणी ठिबकत होतं. नॅपकिन ओला. खिडकीजवळच्या खुर्चीतली गादी मधोमध दबलेली, आणि आम्ही बघत असताना ती हळूहळू वर आली, कुणीतरी नुकतंच उठावं तशी. दादानं माझं मनगट धरलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण लहानपणी अंधारात धरायचा तस्साच धरला.

"आई," आम्ही हाका मारल्या. सगळ्या खोल्यांतून मारल्या. दादा हात पुढे करून आंधळी कोशिंबीर खेळतोय तसा घरभर फिरला. आतल्या खोलीत पंखा आपोआप बंद झाला. आपोआप कसला, आईला दिवसा पंखा चालू ठेवलेला खपत नाही. बटणं, नळ, गाद्या तिला ओळखत होत्या. माणसांना तेवढी ती लागत नव्हती. दादा तिच्यातून गेला असेल, मी गेले असेन, आणि आम्हाला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

मी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. मला रडणं जमत नाही, मध्येच राग येतो. या वेळी राग स्वतःचाच आला, त्यामुळे रडणं थांबेना. आणि तशी बसलेली असताना समोर आमच्या खोलीचं दार दिसलं, आणि दारासमोरची ती फरशी.

"दादा," मी म्हणाले, "ते संध्याकाळी इथं येऊन अडकायचं."

"कोण?"

"वर्तुळ रे. मी म्हणाले अडकलं. अडकलं नव्हतं ते. ती उभी राहायची. अजूनही राहते."

दादानं फरशीकडे बघितलं, मग आतल्या रिकाम्या खोलीकडे. आमची दोन टेबलं अजून तिथं आहेत. "आता आत कुणी नसतं," तो म्हणाला. "कशाचा कानोसा घेते?"

मी लॅपटॉप उघडला, घर उघडलं आणि आतून खेळाडू काढून टाकला. आकडा शून्य झाला. तिची नोंद तयार करून ठेवली, जागा भरली: दाराबाहेरची फरशी. शेवटची कळ तेवढी दाबायची बाकी ठेवली. मग आम्ही आत जाऊन आपापल्या टेबलाशी बसलो. गुडघे टेबलाखाली मावत नव्हते. उजेड उतरायला लागला होता.

बराच वेळ काही वाजलं नाही.

"ती येणार कशी?" दादा कुजबुजला. "आपण गप्प बसलोय. कशाला येईल?"

"मग भांड."

"काय?"

"भांड माझ्याशी. नेहमीसारखा."

"असं ठरवून कसं भांडणार?"

"तुला ठरवून काही जमलंय का आजवर? तिला आपल्याकडे आणू, आणू म्हणत तीन वर्षं काढलीस."

"मी?" दादाचा आवाज चढला. "जागा नाही असं कोण म्हणालं? तुझ्या त्या खोलीत दोन संगणक मावतात, आई मावत नाही!"

"तुझ्याकडे मावते ना? मग न्यायचीस. नुसती मापं घेत बसलास. म्हातारीला दिवसभर वाकायला लावलंस, आणि 'तू कशी आहेस' हे एकदा तरी विचारलंस?"

"आणि तू? तू तर तिला पुसूनच टाकलंस! एका ओळीत! का, तर खेळ पळाला पाहिजे!"

ते खोटं भांडण नव्हतं. दोन वाक्यांतच ते खरं झालं होतं, इतकं खरं की मी उठून त्याच्या अंगावर धावून गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. तोही बोलला. एकमेकांना कधी सांगणार नाही असं सगळं आम्ही त्या दोन टेबलांच्या मध्ये उभे राहून सांगून टाकलं. आणि मी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा बाहेर वाजलं.

टक्.

दादाचं तोंड उघडंच राहिलं. मी टेबलावर झेप घेतली आणि कळ दाबली. वळून दाराकडे धावले, दोन्ही हात पुढे करून. पॅसेजमध्ये कुणीही दिसत नव्हतं. उंबरठ्यावरून पाऊल पुढे टाकलं आणि माझं कपाळ कुणाच्या तरी हाडकुळ्या खांद्यावर दाणकन आपटलं.

"हळू गं, लागलं ना!" आई म्हणाली.

ती तिथं होती. घरातलाच साधा गाउन, पिंजारलेले केस, खांदा चोळत उभी. मी तिला धरलं ते सोडलंच नाही. दादानं मागून आम्हा दोघींना धरलं.

"कालपासून हाका मारून मारून घसा बसला माझा," आई म्हणाली. आवाज खरंच बसला होता. "फोन उचलला, हॅलो हॅलो ओरडले, तुझं आपलं 'आई, ऐकू येतंय का'. काकू आली, ती माझ्या अंगातून गेली. तुम्ही दोघं आलात, मला वाटलं सुटले. तर तुम्हीही सरळ आरपार. दादा तर दोनदा गेला. गार वाटतं रे फार, कुणी असं अंगातून गेलं की." मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "आणि भांडताय कशाला जनावरांसारखे? खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल."

खेळातून तो टप्पा आम्ही काढला. मालक खूप ओरडले; दादानं त्यांना तोंड दिलं आणि त्यांच्यासाठी एक खोटं घर काढून दिलं, ज्यातलं दार कपाटावर आपटतं. मी आईकडेच राहिले, तिथूनच काम करायला लागले. ते जुनं घर फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये उरलं. किडे नाहीत, बंदूक नाही, ते नुसतं चालू असतं. बंद करायची माझी हिंमत नाही.

आईचे डाग आठवड्याभरात गेले. माझ्या जिवाला मात्र एक गोष्ट लागून राहिली. त्या संध्याकाळी मी लॅपटॉपकडे परत आले तेव्हा दाराबाहेर एक राखाडी वर्तुळ होतं आणि कोपऱ्यातला आकडा एक होता. आम्ही तिघं पॅसेजमध्ये उभे असताना एक. रात्री तिघं जेवायला बसलो तेव्हाही एकच. दादा गेला, मी राहिले, घरभर वावरले, तिच्याशेजारी झोपले. आकडा एकच. वर्तुळ ओट्याशी, खुर्चीत, पलंगावर जायचं आणि त्याच्याशेजारी, जिथं मी बसलेली असायचे, तिथं रिकामा चौकोन. या घराच्या हिशेबात मी नव्हतेच. मला रात्री मधेच जाग यायची आणि मी स्वतःचं मनगट दाबून बघायचे.

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात तिच्या मागे उभी राहून डबा शोधत होते. ती गरम पातेलं घेऊन वळली आणि तिचं कोपर माझ्या बरगडीत असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"सारखी मध्ये मध्ये कडमडतेस!" ती खेकसली. "आधी एकटी होते तेव्हा बरं होतं, सुखानं वावरता तरी येत होतं. हो बाजूला!"

मी बाजूला झाले. झाले ती थेट लॅपटॉपपाशी गेले. पडद्यावर दोन वर्तुळं होती. एक ओट्याशी काहीतरी करत होतं, आणि दुसरं बाहेरच्या खोलीत, जिथं मी उभी होते तिथं येऊन थांबलं. कोपऱ्यात दोन.

दुपारपर्यंत बरगडीवर चांगला निळा डाग उठला. मी त्याचा फोटो काढून दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, घाबराघुबरा. "कुणी चालवला खेळ? गोळी लागली का तुला?"

"नाही रे," मी म्हणाले. "आई लागली."

तो म्हणाला, "मी शनिवारीच येतो."